मानशीची पावणी

फेरीच्या धक्क्यासमोर माझं रिचार्जचं दुकान.
दिवाडीत तेव्हा टॉवर एकच.
माणसं मोबाइल घेऊन पिंपळाकडे सरकायची,
नदीकडे पाठ केली की आवाज तुटायचा.

रुझारला विचारलं, ही हवा कुणाची रे?
तीस वर्षं कोमुनिदादचं दफ्तर लिहिलेला माणूस.
म्हणाला, मानशीसारखी.
बांधातलं ते लाकडी दार, भरतीला पाणी आत घेणारं.
दरसाल पावणी होते,
बोली चढवेल त्याचं जाळं, त्याची कोळंबी.
पाणी मात्र कुणाच्या बापाचं नाही.

म्हणजे कंपनीनं कोटी मोजले
ते आमच्याच रिचार्जात वसूल, मी म्हटलं.

तो हसला.
"इनासनं दुप्पट बोली केली त्या साली
पणजीच्या बाजारात कोळंबी महागली?
बोलीचे पैसे गेले ते गेले, प्रेमावतीबाय.
भाव ठरतो दारं किती, यावर.
दार एकच असलं, की इनास म्हणेल तो."

आणि तिन्ही दारं एकानंच घेतली, दोनांना जाळंच लावलं नाही तर?

रुझारनं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"असा माणूस पाहिलाय मी.
मासा नको होता त्याला.
शेजाऱ्याला मिळू नये, एवढंच."

मग कुठं काय हललं, दिल्लीत की कोर्टात,
पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या:
न वापरलेल्या लहरी परत घेणार, पुन्हा वाटणार.
पावसाळ्याआधी टेकडीखाली दुसरा टॉवर उभा राहिला,
दिवाळीला तिसरा.

आता फिलोमेनाचा मुलगा
जहाजावरच्या स्वयंपाकघरातून तिला सुरमई दाखवतो,
ती इथून ओरडते, हळद कमी पडली!
अर्धा तास. फुकट म्हणावं इतक्यात.
पिंपळाखाली कुणी नसतं.

माझ्याकडेही नसतं.
चारशेच्या रिचार्जवर बारा रुपये सुटायचे,
आता रिचार्जच दीडशेचं,
तेही पोरं घरबसल्या करतात.
गल्ल्याशेजारी मी चण्यांच्या पुड्या मांडल्यात, दोन छत्र्या.
फेरी चुकलेला माणूस काहीतरी घेतोच.

रुझारला म्हटलं, तुझी दारं उघडली, माझं मिटत आलं.
तो काही बोलला नाही.
पाच रुपयांचे चणे घेतले, दहाची नोट दिली,
आणि उरलेले मोजून मागितले.

काल मीही कंपनी बदलली.
तिघांत स्वस्त होती ती.
गिऱ्हाईक मीच, दुकानदार मीच.
कमिशन सुटलं चार रुपये.
वहीत लिहून ठेवलं.