वेळेवर

आमच्याकडे समुद्रकाठाला वेळ म्हणतात.
शाळा सुटली की पोरं वेळेर जातात
आणि वेळेवर घरी येत नाहीत.

मैदान सुकतीला उघडं पडतं.
चार चपला म्हणजे दोन गोल.
चेंडू सुरूच्या बनात गेला तर धावायचं,
पाण्यात गेला तर थांबायचं,
लाट आणून देते.

माझ्या खिशात ओरोसच्या निवड चाचणीची यादी.
तेरा वर्षांखालील, अठरा नावं.
काल रात्री जेवणं झाल्यावर
आधारच्या झेरॉक्स चटईवर ओळीने मांडल्या
आणि पंखा बंद केला, उडू नयेत म्हणून.
अफराज, जानेवारी. ज्योएल, जानेवारी.
सातार्ड्याचा तो उंच पोर, फेब्रुवारी.
अठरांतले अकरा शिमग्याच्या आत जन्मलेले.

मी महिने बघून निवडलं नव्हतं.
मी बघितलं, चेंडूवर आधी कोण पोचतो,
खांद्याला खांदा लागल्यावर उभा कोण राहतो,
कुणाची किक बनापर्यंत जाते.
म्हणजे महिनेच बघितले.

तनुष कुबल, तीस डिसेंबर.
यादीत नाही.
चेंडू पायात यायच्या आधीच
तो कुठे द्यायचा हे ज्याला दिसतं
असा अख्ख्या शाळेत तो एकटा.
पण द्यायला पाय पुरत नाही,
आणि धक्का लागला की बसतो वाळूत,
उठताना पँट एका हाताने धरून. भावाची आहे ती.
यंदा तो लहान पडतो अकरा महिन्यांनी.
पुढच्या वर्षी मोठा ठरेल,
दोन दिवसांनी.

त्याची आई काजूच्या फॅक्टरीत आहे.
बोटं चिकाने काळी. सही करताना कागद जपून धरते.
मी तिला समजावलं, एक जानेवारीची रेघ, तिच्या अलीकडचे, पलीकडचे.
ती ऐकत राहिली, मग म्हणाली,
‘मियां आणखी दोन दीस कळ काढली असती तर, सर?’
हसलीसुद्धा थोडी.
मी मात्र खिशात पेन शोधत बसलो.

माझी जन्मतारीख एक जून.
खरी कुणालाच ठाऊक नाही.
आई म्हणायची, तू झालास तेव्हा काजीला मोहर होता.
नाव घालायला नेलं तेव्हा हेडमास्तरांनी
माझ्या कानावरून हात घेऊन बघितला
आणि लिहून टाकलं.
आमच्या वर्गात एकतीस पोरं एकाच दिवशी जन्मली.
कुणी थोरला नव्हता, कुणी शेंडेफळ नव्हता.
खोटं होतं ते सगळं. पण त्यात
बसायला जागा होती.

ओरोसचे साहेब वाईट नाहीत.
चहा मागवला. म्हणाले,
मास्तर, रेघ कुठेतरी मारावीच लागते.
खरंय.
कुठेही मारली तरी तिच्या काठावर कुणीतरी असणारच
हेही खरं. ते मी तिथे बोललो नाही.
चहा प्यायलो आणि सावंतवाडीची एसटी धरली.

आज सांगितलं त्याला.
सांगताना शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होतो.
पुढे पंधराखालील असते, म्हटलं, तोवर वाढशील.
त्याने विचार केला. पाढे म्हणतो तसा, ओठ हलवून.
‘थंय पण हेच आसतले मा, सर?
आणि ते पण वाढतले.’

मग भरती लागली.
पाणी खालच्या चपलांना लागलं तशी
पोरांनी खेळ न थांबवता गोल दहा पावलं वर सरकवला.
कुणी कुणाला विचारलं नाही.
थोड्या वेळाने परत दहा पावलं.
मैदान अरुंद होत गेलं, अफराजला धावायला जागाच उरेना,
आणि तनुष,
घोटाभर पाण्यात, पँट धरून,
मान वर करून कुणालातरी शोधत होता
चेंडू द्यायला.

मी शिट्टी वाजवायला हवी होती.
सहा वाजून गेले होते.