सगोत्र

पत्रिकांचा हंगाम, आणि ह्याला ऐकू येईनासं झालं.
म्हणजे चालू होतो, पंखा घरघरतो,
माझा जुना फॉन्टही जागेवर,
ज्याच्यातला ळ पोट सुटल्यासारखा गोल,
नव्या कुठल्याच फॉन्टात तसा नाही.
फक्त वायफायच्या जागी लाल फुली.

चार दिवस पेन ड्राइव्ह मुठीत धरून
मालेगाव स्टँडचा उतार उतरले,
खालच्या झेरॉक्सवाल्याकडून फायली पाठवल्या.
नवा घ्या ना ताई, तो म्हणाला.
ळ-चं त्याला काय सांगणार.

एम. जी. रोडला, जिन्याखाली,
दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग आणि जुनैद कोकणी.
त्याने तेरा स्क्रू काढून चुंबकाच्या बशीत टाकले,
झाकण उचललं, आत फुंकर मारली
आणि चिमट्यात धरून दाखवलं:
पोस्टाच्या तिकिटाएवढं, हिरवं.
गेलंय हे.

दुसरं बसवलं. चालू केलं.
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं:
हे कार्ड मान्य नाही. काढा.
मी घाबरले, तो हसला.
हे मशिन घराणं बघतं ताई,
परक्या कंपनीचं आत घेत नाही.
म्हटलं, आमच्या धंद्यात उलटं,
सगोत्र निघालं की मोडतं.
इथे सगोत्रच लागतं, तो म्हणाला.
मग दोघंही जरा गप्प बसलो.
गोत्राच्या आधी काय विचारतात
ते त्यालाही माहीत होतं, मलाही.

टेबलाखालून त्याने खोकं ओढलं,
द्राक्षं परदेशी पाठवायचं, वर अजून घडाचं चित्र.
आत कार्डंच कार्डं.
बोटांनी तांदूळ निवडावेत तसा तो निवडत राहिला.
हे घ्या. तुमच्याच घरचं.
कुणाचं होतं?
काय माहीत. मशिन मेलेलं आलं होतं, वजनावर.
अडीचशे म्हणाला, सव्वादोनशेला तुटलं.

त्या माणसाचं काही राहिलं नसेल ना ह्यात?
पासवर्ड वगैरे?
कार्डाला काही आठवत नाही, तो म्हणाला,
आठवतं ते डिस्कला.
ह्याला फक्त स्वतःचा पत्ता माहीत.
भिंगाखाली धरलं तेव्हा दिसली
लेबलावर मुंगीच्या पायांएवढी बारा अक्षरं.

काळी वायर एकला, पांढरी दोनला,
टिचबटण लागावं तसा आवाज.
तेरापैकी बाराच स्क्रू परत गेले.
एक राहू दे, म्हणाला, श्वास घ्यायला.

रात्री यादी उघडली आणि अख्खी बिल्डिंग आत आली:
कुलथे तिसरा मजला, गुरुकृपा, मागू नका,
कुणाचं तरी नुसतंच शून्य शून्य सात.
आणि मला उगाच वाटलं,
ह्याच शहरात, सातपूरला म्हणा, इंदिरानगरला म्हणा,
एखाद्या कपाटावरच्या डब्बीत
ही बारा अक्षरं अजून लिहिलेली असतील,
शेजारी एक नाव.
आपण दारावरून गेलो तर आतून कुणीतरी म्हणेल,
आलास का, ये.
कार्ड काही बोलणार नाही.
त्याला खरंच आठवत नाही.

दीड वाजता सायखेड्याच्या शिरसाठांची पत्रिका पाठवली.
थोरलीच्या लग्नाची फाइल उघडून
तारीख बदलली होती, नावं बदलली होती, वेळ गोरज.
लगेच उत्तर आलं. त्या घरात कुणी झोपलेलं नव्हतं.
ताई, आजोबांच्या नावाआधी कै. राहिलंय.

राहिलंच होतं.
माझ्या डिस्कवर ते अजून निमंत्रक होते,
सहकुटुंब सहपरिवार बोलवत होते.

एक अक्षर आणि एक टिंब.
घातलं तसं नाव थोडं उजवीकडे सरकलं.
ओळ पुन्हा मधोमध आणली.
पाठवली.