बेचाळीसला एक्केचाळीस

सोहारच्या बंदराला लागून, रिफायनरीत
माझं काम धोक्याला आकडा देण्याचं.
शक्यता एक ते पाच, परिणाम एक ते पाच,
गुणाकार करायचा, चौकोन रंगवायचा.
पंचवीस आले की लाल.
आठ वर्षांत पाढा चुकलेला नाही.

त्या मंगळवारी भोंगा झाला,
सरावाचा नव्हे.
वाऱ्याची पिशवी समुद्राकडे ताठ.
माणसं तिच्या उलट धावली, जमली,
हजेरी झाली:
बेचाळीसला एक्केचाळीस.

मुदस्सर हमदुले, दाभोळचा, पराती बांधणारा.
चौथ्या मिनिटाला आला,
पोटाशी काहीतरी धरून,
देवळात किंवा मशिदीत चालावं तसा चालत.
वही होती.
चौदा जणांच्या भिशीची, कोपरे तेलकट,
आत त्या महिन्याचे साडेतीनशे रियाल.

मी ओरडले. मराठीत,
साल्वादोरला कळू नये म्हणून.
त्याला कळलंच.
"चार मिनिटं! त्या वायूला दोन पुरतात!"
हमदुले म्हणाला,
"माझे असते तर टाकून आलो असतो, मॅडम.
लोकांचे आहेत."

हाच माणूस. गेल्या वर्षी
घरासाठी कर्ज घ्या म्हणत बँकेचा पोरगा कॅम्पवर आला
तेव्हा तासभर पिंपांमागे लपून बसलेला.
साठ मीटरवर, दोरी ओली असताना,
त्याचा चेहरा मी पाहिलाय.
व्याज म्हटल्यावर होतो तसा
तो तिथे एकदाही झाला नाही.

आईचाही एक तक्ता आहे, देवरुखला.
वायूचं तिला सांगितलेलं नाही.
तिचा लाल चौकोन म्हणजे तळमजला,
आणि त्यात एकटी राहणारी मी.
रोज रात्री विचारते, कडी लावलीस?
लावते.
कडीला मी माझ्या हिशेबात दोन दिले असते.
तरी लावते.

मला स्वतःला भीती सहीची.
चुकीच्या कागदाखाली आपलं नाव पडायची.
झोपेतसुद्धा मी परवाने तपासते.

अहवालात 'मूळ कारण' असा रकाना असतो.
तिथे 'अमानत' लिहिलं.
खोडलं.
'प्रशिक्षणाचा अभाव' लिहिलं
आणि खाली, ठळक, सही केली.
हमदुलेला ताकीद गेली. त्याने ती
घडी घालून त्याच वहीत ठेवली.

पुढच्या महिन्यापासून भिशीत पंधरा जण झाले.
पंचवीस रियाल मी पराती उतरवायच्या वेळी
त्याच्या हातात दिले.
पावती मागायचं
गाडीत बसल्यावर आठवलं.