जराखं लाल कमी

आमच्या टीव्हीतून लाल रंग गेला
त्याला सहा वर्षं झाली.
एकदम नाही गेला. आधी कुंकू फिकं पडलं,
मग टमाटे, मग रेल्वे फाटकाचा दिवा,
मग सगळी माणसं हिरवट-निळी झाली,
विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी.

धुडकू मिस्तरीनं पाठ उघडली, धूळ फुंकली,
चहा प्यायला आणि म्हणाला,
"कंडक्टर, आत तीन रंगांच्या तीन गन असतात.
एक थकली. दोन चालताहेत ना? चालू द्या."
एसटीत अठ्ठावीस वर्षं तिकिटं फाडली मी.
एक टायर बसला तरी डेपो गाठायचा असतो,
हे मला कोणी सांगायला नको.

मथुरा लाल रंग पदरचा भरायची.
भाकरी थापता थापता चुलीपासूनच सांगायची,
"तिनी साडी लाल शे."
"ते डाळिंब शे, जांभूळ नही."
मी कधी पडताळून पाहिलं नाही.
बातम्यांत रस्त्यावर सांडलेलं रक्त
काळं दिसायचं, ऑइल गळल्यासारखं.
ऑइल तर डेपोत रोजचंच.
आमचं जेवण थांबत नसे.

यंदा भर वैशाखात चित्रात आडवी रेघ आली,
मग रेघच राहिली, चित्र गेलं.
मिस्तरी या वेळी चहालाही थांबला नाही.

पारोळ्याहून सकाळच्या गाडीनं धुळ्याला गेलो.
माझा पास, मथुराचं अर्धं तिकीट.
सत्तेचाळीस अंशांतून काचेचं दार ढकललं
तर आत हिवाळा,
आणि भिंतभर पोपट.
बत्तीस टीव्ही, पोपट एकच,
बत्तीस माना एकदम वळवणारा,
लालभडक.
मथुरा दोन पावलं मागे सरली, माझ्या पायावर.

दुकानातला पोरगा हुशार.
पिक्सेल म्हणाला, नेट म्हणाला, बिनव्याजी हप्ते म्हणाला,
"काका, घरात थेटरच समजा."
मी विचारलं, आवाज किती मोठा होतो?
इंजिनाशेजारच्या सीटनं माझा डावा कान नेलाय.
मथुरा काही विचारत नव्हती.
भरताची वांगी बघावीत तशी
एकेक टीव्ही कडेनं, मागून, खालून बघत गेली.
शेवटी म्हणाली,
"भाऊ, इतलं लाल कसाले?"
"मावशी, हाच तर ओरिजिनल कलर!"
"व्हयी. पन जराखं कमी कर ना."

पोरगा हसला. मग रिमोट उचलला.
ऐंशी. साठ. पंचेचाळीस.
पोपट निवत गेला.
"आजून."
मालकानं गल्ल्यावरून चष्मा वर करून पाहिलं.
तिसावर ती म्हणाली, "हाऊ दे."

त्रेचाळीस इंच, दहा हप्ते,
जुन्याचे पाचशे वजा.
पण जुना न्यायला कोणी येणार नाही म्हणाले,
तुम्हीच काय ते बघा.

आता संध्याकाळी रिमोट तिच्याकडे असतो.
रोज दोन-दोन आकडे लाल चढवते.
डोळ्यांना सवय होऊ दे म्हणते.
काल छत्तीसवर होती.
बातम्या लागल्या की मुकाट खाली येते, पार शून्यावर.
मीही पानातच बघतो.
परवा मालिकेतली ती साडी लाल निघालीच नाही,
वांगी रंगाची होती.
"सहा वर्षं," एवढंच म्हणाली
आणि हातातला लसूण सोलत राहिली.

जुना सेट अंगणात आहे, निंबाखाली.
त्याच्या डोक्यावर सुपात मिरच्या वाळताहेत.
सावली सरकते तसा
दुपारून दोनदा मी त्याला उन्हात ढकलतो.
जड आहे अजून.