बशीखाली

वँडा कोवाल्स्कीला जग बशीखाली सापडत गेलं.
इंडियानातल्या साउथ बेंड गावी, हायवेला लागून,
एकतीस वर्षं तिने एकाच डायनरमध्ये अंडी वाढली,
तासाला दोन डॉलर तेरा सेंट.
बाकीचं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर.

एक जर्मन पैसे देतानाच सांगायचा, एवढे घ्या, वरचे राहू द्या,
आणि तिच्याकडे न बघता कोट चढवायचा.
कैरोचे एक डॉक्टर हस्तांदोलन करायचे
आणि नोट तळहातातून तळहातात जायची,
कुणाची तरी भानगड कानात सांगावी तशी.
डेन्मार्कचं जोडपं पै न् पै मोजून उठलं,
दारातून दोनदा हात हलवून गेलं.
माणसं भली होती. तिचं भाडं थकलेलं होतं.
ऑस्ट्रेलियाचा एक पोरगा म्हणाला, तुम्ही अगदी माझ्या आत्यासारख्या,
आणि काहीच ठेवलं नाही.
आत्याला कोण टिप देतं!

रात्री बारानंतर ती टेबलं फिरायची.
चिमणी दाणे टिपते तशी
सॉसच्या बाटलीआडून, ओल्या नॅपकिनखालून
नाणी टिपत जायची.
हसण्याचे वेगळे,
गुडघा ठणकत असताना हसण्याचे जरा जास्त.

मुलाने जपानी मुलीशी लग्न केलं
तेव्हा त्रेसष्टाव्या वर्षी ती पहिल्यांदा विमानात बसली.
कुरायोशी. ओढ्याकाठी पांढऱ्या भिंतींच्या वखारी,
तांबडी कौलं, एकेका शिळेचे पूल.
त्सुनेको-सानच्या दुकानात सातच खुर्च्या,
वाडग्यात कुट्टूच्या काळपट शेवया, वर कांद्याची पात.
वाढणारीचा हात वँडाने लगेच ओळखला:
मनगटावर जुने चटके, करंगळी वाकडी,
वाडगं टेकलं तरी आवाज नाही.
जाताना तिने शंभर येनची चार नाणी ठेवली,
अर्धी वाडग्याखाली, अर्धी बाहेर, दिसतील अशी.
कशी ठेवायची हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या पुलावर पोचते न पोचते
तोच मागून सपातांचा फटफटाट.
त्सुनेको-सान, सत्तरीची, ॲप्रनसकट, धापा टाकत,
ओंजळीत चार नाणी,
कमरेत वाकलेली:
तुमचं राहिलं.

एकतीस वर्षांत वँडाच्या मागे कुणी धावलं नव्हतं.
तीच धावली होती दोनदा, पार्किंगमध्ये,
बिल बुडवून पळणाऱ्यांच्या मागे.

माझे पैसे काय नासके आहेत? रात्री ती मुलावर तडकली.
मिनाको नाशपाती सोलत होती.
शब्द जुळवत म्हणाली, आई, किमतीत सगळं आलं.
त्यांचे कष्टसुद्धा.

वँडाला झोप लागली नाही.
मग माझ्या अंड्यांच्या किमतीत काय होतं?
अंडी होती. लोणी, टोस्ट, विजेचं बिल,
मालकाची तळ्यावरची बोट.
मी तेवढी नव्हते.
मला रोज वेगळं मागावं लागलं, न मागता,
दात दाखवून.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.
शेवया खाल्ल्या, मोजून पैसे दिले,
पण हात ऐकेनात.
शेजारच्या दोघांची वाडगी तिने एकात एक रचली,
कोपरावर तोलली,
फडकं उचलून फळी पुसायला घेतली, कडेपासून आत, गोल गोल.
त्सुनेको-सानने फडकं हातातून काढून घेतलं.
तेही परत.

दोघी हसल्या की नाही, सांगता येत नाही.
वाफ होती.
मग समोर चहा आला, न मागितलेला.
तो किमतीत धरलेला होता का,
वँडाने विचारलं नाही.
प्यायली. भर दुपारी, गर्दीच्या वेळी,
बसून.