आवक नोंदवही

सकाळी वॉर्ड, दुपारनंतर प्रयोगशाळा
असा सात वर्षांचा करार.
निम्मे डॉक्टर, निम्मे शास्त्रज्ञ,
आणि घरच्यांच्या हिशेबी दोन्हीकडं कच्चे.
शहापुरातली मामी विचारायची,
"अजून शिकायलास काय रे? दवाखाना कधी घालणार?"

चौथ्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर,
माझ्या पेशी तिसऱ्यांदा मेल्या.
बुरशी. पांढरी, कापसासारखी.
त्याच आठवड्यात जांबोटीकडचा एक माणूस
तापात गेला, माझ्या हाताखाली,
आणि त्याचं रक्त मात्र राहिलं
उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये, नंबर घालून.
यातलं नेमकं काय सोसलं नाही,
अजून सांगता येत नाही.

राजीनामा लिहिला. इंग्रजीत,
कारण कानडीत चुकला असता
आणि मराठीत खरा वाटला असता.

तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कुशीत ऑफिस.
संचालकांची खुर्ची बहुतेक रिकामी.
डॉक्टर यल्लट्टी अनुदानाच्या मागं बेंगळूर, दिल्ली,
आणि रात्रीच्या बसनं परत, थेट राउंडला,
पायांत कालचेच मोजे.
खरा कारभार इंदुमती काकतकरांच्या टेबलावर.
बाई फोनवर कानडीत चढायच्या,
फोन ठेवून मराठीत उतरायच्या.
संमतिपत्रकातला 'नमुना' त्यांनीच खोडला होता.
"नमुना तुमच्यासारख्यांना म्हणतात की.
रक्त म्हणा. कळू दे माणसाला, काय दिलं ते."

पाकीट पुढं केलं.
त्यांनी आवक नोंदवही ओढली, तारीख घातली,
क्रमांक घातला, दोनशे बारा,
आणि पेन खाली ठेवलं.
"रिफिल संपली बघ. सोमवारी ये."
त्यांच्या पेल्यात सात पेनं होती. मी मोजली.

शनिवारी रात्री वीज गेली.
जनरेटर धडधडला, खोकला, बसला.
हुसेनसाब दारोगांनी हॉस्टेलचं दार बडवलं.
लिफ्ट बंद. रक्तपेढीचा फ्रीजर तळमजल्यावर,
त्याचं जनरेटर वेगळं.
मी, हुसेनसाब, स्वेटरच्या बाह्या ओढून बाई,
आणि बसमधून नुकते उतरलेले सर,
खांद्यावरची बॅग तशीच.
उणे ऐंशी. उणे एकाहत्तर. उणे चौसष्ट.
हुसेनसाब आकडा सांगायचे, बाकी कुणी बोलायचं नाही.
मोबाईल दातांत धरून उजेड केला,
आणि दुसऱ्या खेपेला माझ्या हातात
जांबोटीचा खोका आला.
नंबर पाठ होता.
एकेक पायरी पायानं चाचपत उतरलो,
घरात आजारी माणूस निजलेलं असावं तसा.

सोमवारी मी गेलो नाही.
कुणी विचारलंही नाही.

परवा बाई निवृत्त झाल्या.
नारळ झाला, शाल झाली,
कुलगुरूंनी नाव चुकीचं घेतलं,
हुसेनसाब मागच्या रांगेतून ओरडले, "काकतकर, काकतकर!"
नोंदवह्यांचा ढीग माझ्याकडं आला.
संध्याकाळभर चाळत बसलो.
तारीख, क्रमांक, आणि पुढं कोरी ओळ.
अशा अकरा.
सगळ्याच थांबल्या असं नाही.
एकीनं निपाणीला दवाखाना घातला, छान चालतो,
एक कुठं आहे कुणाला ठाऊक नाही.

सर्वांत जुनी कोरी ओळ एकवीस वर्षांपूर्वीची.
सर तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते.

सर सहीला आले, तेव्हा ते पान उघडंच राहिलं.
चष्मा कपाळावर चढवून
त्यांनी वाचण्यासारखं काही नसलेली ओळ
जरा जास्तच वेळ वाचली.
"बाई पोचल्या काय खानापूरला?"
"पोचल्या असतील."
मग पान उलटलं त्यांनी.
"फ्रीजरच्या दुरुस्तीचं बिल अजून कसं नाही आलं?"