उताराची दिशा

घरमालकानं स्वतःच्या हातानं केलेलं काम
साडेसहा वर्षांच्या आतलं असेल,
तर घर विकण्याआधी तपासनीसाचा अहवाल लागतो, झ्द्राव्को.
अजून अडीच वर्षं थांबले असते
तर कायदा तुला विसरला असता.
पण माझे गुडघे थांबेनात,
आणि जिलाँगचा हिवाळा तर कुणासाठीच थांबत नाही.

मंगळवारी आला. फर्गल नाव, नातवाच्या वयाचा,
बुटांवर निळ्या पिशव्या चढवून.
तुझ्या न्हाणीघरात ओणवा झाला,
भिंतीला ओलावा मोजायचं यंत्र टेकवलं,
मग खिशातून काचेची गोटी काढली
आणि फरशीवर सोडून दिली.

गोटी मोरीकडे गेली नाही.
विचारात पडल्यासारखी जरा थांबली,
मग निघाली ती थेट दाराकडे,
तुझ्या आंघोळीचं पाणी यायचं त्याच वाटेनं.
रोज तिथे मी जुना टॉवेल गुंडाळून ठेवायची.
रोज सांगायची.
आणि तू, कानावर पेन्सिल, हातात थापी:
नाचता येईना, अंगण वाकडं!

घे. पान सात, बाब तिसरी, सहीशिक्क्यानिशी:
अंगण वाकडं आहे. बारा मिलिमीटरनं.

मी इतकी हसले
की पोरानं घाबरून विचारलं, पाणी आणू का?

पुढचंही वाचलं. कठडा चार बोटं बुटका.
पंख्याची वाफ बाहेर जाण्याऐवजी माळ्यावर.
खिडकीभोवती सिलिकॉन 'गरजेपेक्षा जास्त'
(हे तर तुझ्या सगळ्याच कामांना लागू).
छायाचित्रं एकोणीस.
गरम पाणी नळ सोडल्यासोबत येतं, ते कुठेच नाही.
मी विचारलं. तो म्हणाला,
आजी, धड असलेल्या गोष्टींना या कागदात रकाना नसतो.

दुरुस्त करून विकणार की आहे तसं?
आहे तसं, म्हटलं. किंमत पाडू दे त्यांना.
दुसऱ्या कुणी येऊन ती फरशी उखडायची,
तर माझ्यामागे उखडा.

गोटी तो विसरून गेला.
संध्याकाळी दिवा लावला, दारात स्टूल घेऊन बसले
आणि काठीच्या टोकानं ती
मोरीकडे ढकलली. तीनदा.

तिन्ही वेळा परत आली.
तिन्ही वेळा माझंच बरोबर होतं,
आणि घरात ऐकायला कुणी नव्हतं.